चिकाचाही ब्रिक्स पाहा



उसाची तोड ठरवायची असली की शेतकी विभागाचा माणूस फडात येतो, रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स सांगतो. आकडा 18-20 च्या घरात गेला की ऊस पक्व. हे आपल्याला तोंडपाठ आहे. परंतु त्याच काचेवर नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकाचा थेंब टाकला, तर तो चीक वासराला तारणारा आहे की नाही याचाही अंदाज येतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. गाईच्या चिकाचा ब्रिक्स 22 किंवा त्याहून जास्त भरला तर चीक उत्तम समजावा. उसात ती काच मुख्यतः साखर दाखवते, चिकात सारे विरघळलेले घटक दाखवते. आणि चिकात त्यातला मोठा वाटा रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा असतो.

हे इतके महत्त्वाचे कशासाठी? माणसाच्या लेकराला आईच्या पोटातच काही प्रतिपिंडे मिळतात. गाई-म्हशीच्या वासराला ती मिळत नाहीत. ते जन्मते ते रिकाम्या हातानेच. आईची सारी शिदोरी चिकात असते. शिवाय ती शिदोरी आतड्यातून रक्तात जाण्याची वाट थोडाच वेळ उघडी असते. पहिल्या काही तासांत ती चांगली उघडी, बारा तासांनंतर बरीच आखडलेली आणि चोवीस तासांत जवळजवळ बंद. म्हणून वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक, म्हणजे 20 किलोच्या वासराला 2 लिटर, पहिल्या दोन-चार तासांतच पोटात गेला पाहिजे. बारा तासांच्या आत पुन्हा एकदा पाजावा.

आता आपल्याकडे काय होते? तिवसा, मोझरी, कुऱ्हा, कुठल्याही गोठ्यात जा, जाणती माणसे सांगतील, “वार पडल्याबिगर पाजाचं नाई, नाईतर वार अटकते.” बुजुर्गांचा मान ठेवून सांगावेसे वाटते की गोष्ट उलटी आहे. वासरू आचळाला लागले की गाईला पान्हा फुटतो, आणि ज्या संप्रेरकाने पान्हा फुटतो त्यानेच गर्भाशयही आकुंचन पावते. म्हणजे पाजल्याने वार पडायला मदतच होते. बारा तासांत वार पडली नाही तर पशुवैद्यकाला बोलवावे; पण तोवर वासराला ताटकळत ठेवू नये. रात्री व्यालेल्या गाईचे वासरू सकाळपर्यंत उपाशी राहिले, तर त्याची अर्धी वेळ तिथेच गेली.

दुसरी गोष्ट खरवसाची. खरवस कोणाला आवडत नाही? शेजारीपाजारी वाटण्याची रीतही चांगली आहे. परंतु पहिली धार वासराची. त्याचे पोट भरून उरेल त्याचा खुशाल खरवस करा. मात्र एक ध्यानात घ्या. चीक तापवला की थापला जातो, कारण त्यातली प्रथिने उष्णतेने गोठतात, आणि त्यांतच ती प्रतिपिंडेही असतात. म्हणून उकळलेला चीक वासराला पाजून रोगापासून रक्षण होत नाही.

आता बाजारातल्या चिकाच्या भुकटीविषयी. दुकानदार पुडके हाती देतो आणि आपण निर्धास्त होतो. ज्याची गाय व्यायल्याबरोबर दगावली, त्याला भुकटीचा आधार आहे. ती सरसकट वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण पुडक्यावर प्रतिपिंडे किती ग्रॅम हे छापले आहे का, ते आधी वाचा. वासराला निदान 100 ग्रॅम तरी हवीत, जास्त असली तर उत्तमच. त्याहून कमी असेल तर ती भुकटी आईच्या चिकाला जोड आहे, त्याच्या जागी चालणारी वस्तू नव्हे. आणि दोन दिवसांनी पाजलेली भुकटी कितीही महाग असली तरी तिच्यातली प्रतिपिंडे रक्तात जात नाहीत. फुकटचे सांडून विकतचे आणणे याला शहाणपण म्हणत नाहीत.

सेंद्रिय शेतीकडे वळलेल्या सभासदांनी तर हे अधिकच मनावर घ्यावे. आपल्याच जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी देशी गाईच्या शेण-गोमूत्रावर शेती उभी करण्याचा विचार देशभर नेला. त्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली. पण उद्याची गाय आजच्या कालवडीतूनच येणार! सेंद्रिय दुधाच्या नियमांत प्रतिजैविके ऊठसूट टोचता येत नाहीत. वासराला हगवण लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती लागू नये हे पाहणे भाग आहे, आणि त्याची सुरुवात चिकापासून होते. शिवाय वासरू मेले की आपल्या कितीतरी देशी गाई-म्हशी पान्हाच चोरतात. म्हणजे वासरूही गेले आणि दूधही गेले.

चांगला चीक हवा असेल तर गाय व्यायच्या दोन महिने आधी आटवावी. शेवटच्या दिवसापर्यंत पिळून काढलेल्या गाईच्या कासेत कसदार चीक कोठून येणार?

आमची संचालक मंडळाला दोन गोष्टींची विनंती आहे. एक, शेतकी विभागाकडील रिफ्रॅक्टोमीटर सभासदांना गोठ्यात चीक तपासण्यासाठी मिळावेत. थेंबभर चीक आणि मिनिटभर वेळ लागतो, काच नंतर धुऊन पुसली म्हणजे झाले. दुसरी, दूध संकलनाच्या एखाद्या ठिकाणी खोल गोठवणारी पेटी ठेवून चिकाची पेढी सुरू करावी. निरोगी, तपासलेल्या गाईचा 22 ब्रिक्सवरचा उरलेला चीक लिटर-लिटरच्या पिशव्यांत उणे 20 अंशावर ठेवला तर वर्षभर टिकतो. ज्याच्या गोठ्यात अडचण येईल त्याने तो न्यावा, कोमट पाण्यात पिशवी ठेवून वितळवावा आणि पाजावा. सांसर्गिक गर्भपात किंवा क्षयाची शंका असलेल्या जनावराचा चीक मात्र पेढीत घेऊ नये.

सहकार म्हणजे नुसते ऊस घालून बिल उचलणे नव्हे. एकाच्या गोठ्यातला जास्तीचा चीक दुसऱ्याच्या पोरक्या वासराला मिळणे, हाही सहकारच आहे. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय जरूर मांडावा.

— एक ऊस उत्पादक सभासद, तिवसा