तज्ज्ञाला प्रश्न विचारायचे कसे?



लुसी लेटबी खटल्याची चर्चा आपल्या घराघरांतही झाली असेल. ऑगस्ट २०२३ मध्ये या नर्सला ७ बाळांच्या खुनाबद्दल दोषी ठरवले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये १४ तज्ज्ञांच्या गटाने लंडनमध्ये सांगितले की, खुनाचा वैद्यकीय पुरावाच दिसत नाही. गटाचे प्रमुख होते डॉ. शू ली. त्यांच्याच १९८९ च्या शोधनिबंधाचा आधार सरकार पक्षाने घेतला होता! बचाव पक्षाने मात्र ज्युरीपुढे एकही वैद्यकीय तज्ज्ञ आणला नव्हता. ती दोषी की निर्दोष, हे आपण ठरवायचे नाही. पण तज्ज्ञाची उलटतपासणी किती तयारीने करावी लागते, हे यातून कळते.

जुने उदाहरण सॅली क्लार्कचे. दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल तिला १९९९ मध्ये शिक्षा झाली. प्रा. रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितले की, असे दोन मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. हा आकडा ८,५४३ ला ८,५४३ नेच गुणून आला होता. पण दोन मृत्यूंचा एकमेकांशी संबंध नसेल तरच हा गुणाकार चालतो. सख्ख्या भावांचे आईवडील एक, घर एक! शिवाय आईने दोन मुले मारणे हेही दुर्मिळच, ती तुलना झालीच नाही. मेडो बालरोगतज्ज्ञ होते, संख्याशास्त्रज्ञ नव्हते. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली, ती मुख्यतः पॅथॉलॉजिस्टने जंतूंच्या तपासणीचे निकाल उघड केले नव्हते म्हणून. २००७ मध्ये सॅली वारली.

म्हणजे वकिलाने आधी काय पाहावे?

१. साक्षीदार नेमका कशातला तज्ज्ञ आहे?
२. आकडा कुठून आला, त्यामागे काय गृहीत धरले?
३. आधाराचा मूळ निबंध खरोखर तेच म्हणतो का?
४. तपासणीचे सगळे कागद हाती आले का?
५. आपल्या बाजूचा तज्ज्ञ सोबत आहे का?

आपल्याकडे डॉक्टरांचा शब्द शेवटचा मानायची सवय. पण ज्युरीचे पत्र आपल्यालाही येऊ शकते. मतदारयादीत नाव आणि ठरलेली वर्षे वास्तव्य असेल, तर भारतीय पासपोर्टवाल्यांनाही! ज्युरीत बसल्यावर काही कळले नाही, तर चिठ्ठी लिहून न्यायाधीशांना विचारता येते. संकोच करू नका. समोर कुणाच्या तरी आयुष्याचा निकाल असतो.