भितऱ्या कुत्र्याची शाळा

देवळाली प्रवरेच्या आसमंतांत जिच्या दारीं कुत्रें नाहीं अशी वस्ती शोधूनहि सांपडणें कठीण. चोहोंकडे ऊंस, मध्यें गोठा, विहिरीवर मोटार आणि दारांत बांधलेलें एक कुत्रें, हा आपल्याकडील शेतकऱ्याच्या संसाराचा ठराविक देखावा आहे. ह्या कुत्र्याकडून मालकाची अपेक्षा एवढीच असते कीं, त्यानें रात्रीं जागावें, परक्यावर भुंकावें आणि शिळ्या भाकरींत संतोष मानावा. परंतु पुष्कळ वेळां असें होतें कीं, हौसेनें आणलेलें पिलूं मोठें झालें तरी भितरेंच राहतें. मोटारसायकलचा आवाज आला कीं तें कणगीमागें दडतें, पाहुणा दिसला कीं शेंपूट पोटाशीं घेऊन कांपतें, पोळ्याच्या दिवशीं हलगी वाजूं लागली कीं दावें तोडून रानोमाळ पळतें. मग घरांतील वडील मंडळी निकाल देतात : "हें भेकड निघालें, ह्याचा उपयोग नाहीं." त्यानंतर एक तर त्याच्या पाठींत काठी बसते, किंवा तें पोत्यांत घालून दूरच्या बाजारगांवीं सोडून दिलें जातें.

हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. भितरें कुत्रें शिकवितां येतें, त्याकरितां वर्ग भरवितां येतो, आणि तसा वर्ग आपल्या गांवांत भरावा असें आमचें स्पष्ट मत आहे.

कुत्रें भितरें कां होतें, ह्याचें उत्तर बहुधा त्याच्या पहिल्या तीन महिन्यांत सांपडतें. कांहीं पिलें बुजऱ्या आईबापांच्या पोटीं जन्मास येतात हें खरें. पण पुष्कळांना आपणच तसें घडवितों. अमेरिकेच्या मेन संस्थानांत बार हार्बर येथें फ्रीडमन, किंग व इलियट ह्या शास्त्रज्ञांनीं केलेला एक प्रयोग १९६१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं कांहीं पिलें उंच कुंपणाआड माणसाच्या सहवासावांचून वाढविलीं, आणि निरनिराळ्या वयांत थोडे थोडे दिवस माणसांत आणलीं. जीं वेळींच आलीं तीं माणसाळलीं. जीं चौदाव्या आठवड्यापर्यंत आंतच राहिलीं तीं पुढें रानच्या जनावराप्रमाणें बुजतच राहिलीं. त्याच ठिकाणच्या स्कॉट व फुलर ह्यांनीं १९६५ सालीं आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत तिसऱ्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिलानें जगाशीं ओळख करून घेण्याचा म्हणून सांगितला आहे. आतां आपली रीत पाहा. "माणसाळलें तर राखण करणार नाहीं," ह्या समजुतीनें नेमकें ह्याच काळांत पिलूं गोठ्याच्या कोपऱ्यांत दोन हातांच्या सांखळीला जखडलें जातें. सांखळीएवढें त्याचें जग. वर्षभरानें तें बाहेर पडतें तेव्हां उघडलेली छत्री, चष्मा लावलेला मनुष्य, डोक्यावर घमेलें घेतलेली बाई, सगळेंच त्याला राक्षसासारखें भासतें, ह्यांत नवल काय ? प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा असें सांगतो कीं, जनावरास अवास्तव आंखूड सांखळीनें अवास्तव वेळ बांधून ठेवणें, आणि नेहमीं बांधलेल्या कुत्र्यास फिरवून न आणणें, हे दोन्ही गुन्हे आहेत. आपल्या वस्त्यांवरून फेरी मारली तर ह्या कायद्याची वार्ता तिकडे फारशी पोंचलेली दिसत नाहीं.

वास्तविक जनावर शिकविण्याची विद्या आपणांस परकी नाहीं. नवा खोंड एकदम नांगराला कोणी धरीत नसे. प्रथम त्याच्या मानेवर जूं ठेवून त्याला नुसता हिंडवीत. मग एखाद्या जुन्या शहाण्या बैलाच्या जोडीस घालून हलका ओंडका ओढावयास लावीत. तो दमण्यापूर्वींच त्याला सोडीत, आणि दावणीला आला कीं पुढें पेंड ठेवीत. बुजला तर जाणता शेतकरी कासरा ढिला सोडून त्याच्या मानेवर हात फिरवी. ट्रॅक्टर आल्यापासून हें काम कमी झालें खरें, तरी तें स्वतःच्या हातानें केलेले आजोबा अद्यापि गांवोगांवीं आहेत. मुलांनीं त्यांना अवश्य विचारावें. हीच माणसें कुत्र्याच्या बाबतींत मात्र काठी हातीं घेतात, ह्याचें आम्हांस नेहमीं आश्चर्य वाटतें. खोंडाला पैसे मोजावे लागतात आणि कुत्रें फुकट मिळतें, हेंच बहुधा त्याचें कारण असावें.

भीतीवरील उपायाचें शास्त्रहि ह्याहून फार निराळें नाहीं. रशियांतील पाव्हलॉव्ह ह्या शास्त्रज्ञानें कुत्र्यांवरच प्रयोग करून दाखविलें कीं, जेवणापूर्वीं नेमानें एखादी खूण दिली तर पुढें नुसत्या त्या खुणेनेंच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें. ह्याच नियमाचा भीतीवर उपाय म्हणून उपयोग करण्याचें श्रेय मेरी कव्हर जोन्स ह्या अमेरिकन विदुषीकडे जातें. १९२४ सालीं तिनें पीटर नांवाच्या सुमारें तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा सशाला विलक्षण भीत असे. तिनें काय करावें ? मुलाला आवडीचा खाऊ खावयास बसवावें, आणि पिंजऱ्यांतील ससा खोलींत इतकाच जवळ आणावा कीं मुलाच्या खाण्यांत खंड पडूं नये. दुसऱ्या खेपेस थोडा आणखी जवळ. सशाला न भिणारीं मुलेंहि ती सोबतीस बसवी. अखेर पीटर सशाला कुरवाळूं लागला. जुन्या शहाण्या बैलाच्या शेजारीं खोंड जुंपणारा आपला शेतकरी आणि ही विदुषी ह्यांची एकमेकांशीं गांठ कधीं पडली नाहीं, तरी दोघांची युक्ति एकच.

पुण्यामुंबईकडे कुत्र्यांना व त्यांच्या मालकांना शिकविणारे वर्ग आतां पुष्कळ चालतात. कुत्र्याचें शिक्षण म्हटलें कीं आपल्याकडे लोकांस पोलिसांचें कुत्रें आठवतें. १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर मुंबईंत स्फोटक द्रव्यें हुडकून काढणारा 'जंजीर' अजून पुष्कळांच्या स्मरणांत आहे. पण तें शिक्षण निवडक व धीट कुत्र्यांचें. आपण बोलत आहों तें त्यांच्याविषयीं, ज्यांना शाळेच्या दारापर्यंत येण्याचेंहि धैर्य नाहीं.

अशा वर्गास लागतें तरी काय ? एक मोकळें मैदान, चार ते सहा कुत्रीं, तितकींच माणसें, अंतराअंतरावर बांधलेल्या चादरी किंवा पोतीं, म्हणजे एका कुत्र्याची दृष्टि दुसऱ्यावर पडूं नये, आणि एक शांत स्वभावाचें, वयस्क कुत्रें. ह्या शेवटच्या विद्यार्थ्यास आम्ही मॉनिटर म्हणूं. गळपट्ट्याऐवजीं छातीवरून जाणारा पट्टा व लांब दोरी असावी, म्हणजे ओढ बसली तरी गळा आंवळत नाहीं. खाऊ म्हणून शिळी भाकरी चालणार नाहीं. ती रोजचीच आहे. उकडलेल्या अंड्याचे किंवा कोंबडीच्या मांसाचे हरभऱ्याएवढे तुकडे असावेत.

समजा, मोत्या नांवाचा कुत्रा सायकलीला भितो. पहिल्या दिवशीं सायकल मैदानाच्या दुसऱ्या टोंकास नुसती उभी करावी. मोत्यानें तिच्याकडे पाहिलें कीं लगेच त्याच्या तोंडांत तुकडा पडावा. सायकल चादरीआड गेली कीं तुकडे बंद. हा क्रम उलट होतां कामा नये. आधीं खाऊ दाखवून मागून सायकल आणली तर मोत्या सायकलीवर प्रेम करण्याऐवजीं खाऊलाच भिऊं लागेल. घाईच्या मालकांकडून नेमकें हेंच होतें. मोत्यानें तुकडा नाकारला, ओठ चाटले, अवेळीं जांभई दिली, मान फिरविली किंवा तो जागच्या जागीं थिजला, तर समजावें कीं अंतर कमी पडलें; मुकाट्यानें दहा पावलें मागें जावें. "अरे, कांहीं होत नाहीं," असें म्हणत त्याला पुढें ओढणें म्हणजे आठ दिवसांची कमाई एका क्षणांत घालविणें होय. ज्यांनीं स्नेहसंमेलनांत घाबरलेल्या मुलास मागून ढकलून रंगभूमीवर पाठविलें असेल, त्यांना ह्याचा अर्थ लवकर कळेल.

परंतु भीति कमी करणें हें अर्धेंच काम. उरलेलें अर्धें म्हणजे कुत्र्यास स्वतःविषयीं भरंवसा वाटावा असें कांहीं त्याच्याकडून घडविणें. त्याकरितां वर्गांत सोपीं कामें असतात : माणसाच्या तळहातास नाक लावणें, जमिनीवर पसरलेल्या पोत्यावर चढणें, आडव्या फळीवरून चालणें, जुन्या टायरमधून पलीकडे जाणें, खडखडणाऱ्या पत्र्यावर एक पाय ठेवणें. एकच पाय ठेवला तरी त्या दिवसापुरतें पुष्कळ झालें. अट एवढीच कीं, पाऊल त्याचें त्यानें उचलावें. कोणी उचलून ठेवूं नये, आणि त्याला नको असेल तेव्हां मागें फिरण्याची वाट मोकळी असावी. आज पत्र्यावर चढलेलें कुत्रें उद्यां पुलावरून जाण्यास कचरत नाहीं, कारण नव्या वस्तूशीं गांठ पडली कीं आपल्याला कांहीं तरी करतां येतें, हें त्यास कळलेलें असतें. असा अभ्यास एका वेळीं पांचदहा मिनिटें पुरे. घरींहि रोज दोनतीनदां तितकाच. कंटाळण्यापूर्वीं थांबावें.

"लाड केल्यानें भितरेपणा वाढतो," असा एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. घाबरून कुशींत शिरलेल्या कुत्र्यास थोपटलें म्हणून त्यानें पुन्हां हौसेनें घाबरावें, असें होत नाहीं. भीति ही कांहीं त्यानें शिकलेली कसरत नव्हे, कीं शाबासकी मिळाल्यानें ती वाढावी. मार दिल्यानें मात्र ती निश्चित वाढते, आणि तिचें रूप पालटतें. येथें पालकांनीं व विशेषतः मुलांनीं लक्ष द्यावें. भितरें कुत्रें प्रथम दूर जाऊं पाहतें. जातां येत नसेल तर गुरगुरतें. गुरगुरणें म्हणजे त्याची नोटीस आहे. ह्या नोटिशीबद्दल त्याला काठी बसली तर पुढच्या खेपेस तें न गुरगुरतां चावतें. सांखळीला बांधलेल्या भितऱ्या कुत्र्याजवळ लहान मूल जाणें हें म्हणूनच फार धोक्याचें. चावा झालाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि विलंब न करतां दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. चुना, तिखट, हळद कांहीं भरूं नये. वर्गांतहि रेबीजची लस टोंचलेल्या कुत्र्यासच प्रवेश असावा.

एक गोष्ट मात्र विसरतां कामा नये. प्रत्येक भीति वेडी नसते. आपल्या जिल्ह्यांत बिबट्या उसाच्या रानांत राहूं लागला आहे. अकोले तालुक्यांत बिबट्याच्या आहाराचा जो अभ्यास झाला व २०१४ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत असें आढळलें कीं, त्याच्या भक्ष्यांत वजनाच्या मानानें सुमारें ३९ टक्के वांटा पाळीव कुत्र्यांचा होता. तेव्हां दिवेलागणीस उसाच्या कडेनें चालतांना मोत्या एकाएकीं थबकला, अंगावरचे केस उभे करून मागें सरूं लागला, तर त्याला पुढें घालूं नये. आपणहि त्याच्याबरोबर मागें फिरावें. अशा ठिकाणीं मालकापेक्षां त्याचें ज्ञान अधिक आहे. आणि जो मालक त्याला रात्रभर उघड्या अंगणांत सांखळीनें बांधून ठेवतो, त्यानें राखणदार ठेवला असें आम्ही म्हणणार नाहीं; त्यानें बिबट्यास ताट वाढलें आहे. रात्रीं कुत्र्यास गोठ्यांत किंवा पडवींत दाराआड घ्यावें. तेथूनहि त्याचें भुंकणें घरांत ऐकूं येतें.

सर्वच कुत्रीं ह्या वर्गानें शूर होतील असें आम्ही म्हणत नाहीं. एखादें जन्माचें बुजरें असतें; तें पाहुण्याला पाहून पळून न जातां दूर बसून राहूं लागलें, तरी त्याच्या मालकानें समाधान मानावें. एखादें दुखण्यामुळें चिडकें असतें. त्याला प्रथम पशुवैद्याकडे न्यावें. आणि जेथें शिक्षक कांटेरी पट्टा किंवा विजेचा धक्का देणारें यंत्र काढील, अथवा वीस कुत्रीं एका दोरींत उभीं करील, त्या वर्गापेक्षां वर्ग नसलेला बरा.

आपल्या गांवीं हा वर्ग केव्हां भरावा, ह्याचाहि विचार केला पाहिजे. गळिताच्या हंगामांत दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कर्णे लावून रात्रंदिवस धांवत असतात, आणि ऊंसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेलीं परकीं कुत्रीं रस्त्यानें हिंडत असतात; नव्या विद्यार्थ्याला तें सोसणार नाहीं. मृगाचा पाऊस होऊन पेरण्या आटोपल्या म्हणजे पोळ्यापर्यंत रानांत बरीच शांतता असते, शाळाहि सुरू झालेल्या असतात. तेव्हां आषाढांतील पहिल्या रविवारीं सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, आरंभ करावा. मोठ्या मुलांनीं चादरी बांधाव्या, सायकल दूरवर उभी करावी आणि अंतर पावलांनीं मोजून वहींत लिहून ठेवावें. लहानांनीं कुंपणाबाहेर बसून पाहावें. पोळ्याला हलगी वाजेल तेव्हां मोत्याला मिरवणुकींत नेऊं नये. आवाज क्षीण ऐकूं येईल अशा एखाद्या दूरच्या बांधावर त्याला बसवावें व तुकडे देत राहावें. दिवाळीच्या आठवड्यांत वर्ग बंद ठेवावा, आणि संध्याकाळ झाली कीं त्याला आंतल्या खोलींत, दार लावून, घरांतील कोणा तरी माणसाच्या सोबतीनें ठेवावें.