मेसची वही आणि विकाऊ प्रोग्राम

भोपाळमधल्या कोलार रोडसारख्या वस्तीत टिफिन-मेसचा हिशेब वहीतल्या रेघोट्यांवर चालतो: कोणी चार दिवस गावी गेलं, कोणाचा रात्रीचा डबा बंद. ही खाडाखोड नीट सांभाळणारा छोटा प्रोग्राम विकला जाऊ शकतो, आणि इथल्या मराठी मुलामुलींनी नोकरीच्या जोडीला तो लिहावाच, असं मला मनापासून वाटतं. असंच एक उदाहरण पुण्यातलं आहे. तिथे कैलाश काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करत; गिऱ्हाइकांच्या मशीनमधले व्हायरस काढायला धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्राम लिहिला. त्यातूनच क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या टेबलावर रोज येणारी अडचण हीच त्यांची बाजारपाहणी होती.

फुकट अ‍ॅप असताना पैसे कोण देईल, हा आक्षेप रास्त आहे. पण महिनाअखेरीला हिशेब अडला की फोन उचलणारं माणूस मेसवाल्याला हवं असतं, आणि त्यासाठी तो पैसे मोजेल. म्हणून प्रोग्राम एकदाच विकून मोकळं होऊ नये. वार्षिक देखभालीचे पैसे पहिल्याच दिवशी ठरवावेत. नक्कल होण्याची भीतीही त्यामुळे बरीच कमी होते. वसुली मात्र खरंच कटकटीची असते, आणि दहा गिऱ्हाइकांवर घर चालत नाही. गिऱ्हाइकं पुरेशी वाढेपर्यंत पगार सोडू नये.