नवरीचा पोशाख कोण ठरवणार?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत एका लग्नावरून वाद पेटला. वाद हुंड्याचा नव्हता, मानपानाचाही नव्हता. वाद होता नवरीच्या कपड्यांचा. मुलगी नर्सिंग करून नोकरीला लागलेली. वस्तीतच एका खोलीत शिवणकाम करणाऱ्या ताईकडे ती गेली आणि म्हणाली, "ताई, मला साडी नको, लेहंगाही नको. पायघोळ, पूर्ण बाह्यांचा, पांढरा झगा शिवा. गळ्याला आणि घेराला निळी पट्टी. आणि हो, त्याला खिसा पाहिजे."

ताईने आयुष्यभर ब्लाउज, पंजाबी ड्रेस आणि शाळेचे गणवेश शिवलेले. नवरीचा झगा तिने कधी शिवला नव्हता. तिने आधी स्वस्तातले मांजरपाट आणून त्यावर कापून पाहिले, कच्ची शिलाई घातली, मुलीच्या अंगावर चढवून टाचण्या लावल्या, मग खऱ्या कापडाला कात्री लावली. गळ्याच्या निळ्या पट्टीवर हाताने पिंपळपाने भरली. आठ दिवस ती खोली रात्री उशिरापर्यंत जागी होती.

आणि मग बातमी विहारात पोहोचली. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, "पांढरी साडी ही आपली ओळख आहे. आज झगा, उद्या काय?" नातेवाईक दुसऱ्या बाजूने तुटून पडले. "एवढी कमावती पोर, चांगला लेहंगा घ्यायचा सोडून हा दवाखान्याचा गाऊन कसला?" आम्ही कार्यकर्तेही मागे राहिलो नाही, हे आधीच कबूल करतो. आम्ही चौघेजण तिच्या घरी गेलो आणि समजुतीच्या सुरात म्हणालो, "बघ, शक्यतो साडीच नेस."

तिने शांतपणे विचारले, "दादा, तुमच्यापैकी किती जणांनी लग्नात धोतर नेसलं होतं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही चौघांनीही लग्नात कोट-पँट घातली होती. मापे देऊन, टेलरकडे दोनदा खेपा घालून, आपल्या आवडीच्या रंगात शिवून घेतली होती. तेव्हा आम्हाला कुणी विचारले नव्हते की चळवळीची ओळख कुठे गेली. ओळख सांभाळायचे काम तेवढे नवरीच्या अंगावर!

मित्रांनो, हा लेख त्या प्रश्नातून आला आहे.

पहिली गोष्ट. वस्त्र हा आपल्यासाठी कधीच केवळ हौसेचा विषय नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय नेसावे हे लिहून ठेवले आहे: मेलेल्यांच्या अंगावरची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने. म्हणजे माणूस रस्त्याने दिसला की दुरूनच त्याची जात कळावी. लुगडे कुठवर नेसायचे, कुठला धातू अंगावर घालायचा, हे गावाने ठरवायचे आणि आपल्या आज्या-पणज्यांनी पाळायचे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपण दरवर्षी सांगतो. पण त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, आणि त्यात लुगड्याचा विषय होता, हे फार कमी वेळा सांगतो. जातीची खूण पटवणारे नेसणे सोडा, अंगभर नेसा, ते जड दागिने टाका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा, अशा आशयाचे ते बोलले. आणि तिथल्या स्त्रियांनी ते लगेच अमलात आणले. घोट्यापर्यंत लुगडे नेसलेल्या त्या बायका गावाच्या परंपरेच्या दृष्टीने 'अपारंपरिक'च होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात चळवळीतल्या बायकांचा इतिहास मांडला आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

आता पांढऱ्या साडीकडे येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब पांढऱ्या वस्त्रांत होते, माईसाहेब पांढऱ्या साडीत होत्या, आणि दीक्षा घ्यायला आलेला समाज पांढरी वस्त्रे नेसून आला होता. पालि साहित्यात गृहस्थ उपासकांना श्वेतवस्त्रधारी म्हटले जाते, त्या परंपरेशी हे जोडलेले आहे. पुढे बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसू लागली. पण त्या काळच्या गावात याचा अर्थ काय होता? हिंदू रीतीत पांढरे लुगडे विधवेचे. नवरीने लाल, हिरवे, पिवळे नेसायचे. अशा समाजात आपल्या पोरी भर मांडवात पांढरे नेसून उभ्या राहिल्या. शकुन-अपशकुनाच्या तोंडावर मारलेली ती चपराक होती. ती साडी म्हणजे बंड होते.

म्हणूनच आम्हाला आज हे म्हणायचे आहे: बंडाचा गणवेश झाला की त्यातले बंड संपते. आजीने निवडलेली पांढरी साडी आणि नातीवर लादलेली पांढरी साडी, कापड एकच असले तरी गोष्ट एक नाही. पहिलीत निर्णय होता. दुसरीत आज्ञा आहे. आणि बाईने काय नेसावे याची आज्ञा काढणारी मंडळी इतिहासात कोण होती, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. ज्येष्ठ म्हणतात, "पांढरी साडी सोडली की त्या जागी स्वातंत्र्य येत नाही, मालिकेतला लेहंगा येतो. मग हळद येते, मेंदी येते, संगीत येते, आणि मागच्या दाराने कन्यादानही येते." हे आम्हीही डोळ्यांनी पाहतो. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातली पोरगी शहरातून भाड्याने आणलेला चमचमता लेहंगा घालून उभी असते, आणि त्या चार तासांच्या भाड्यासाठी बापाने बचत गटाचे कर्ज काढलेले असते. हेही बंड नाही. हीसुद्धा आज्ञाच आहे, फक्त ती विहारातून न येता मोबाइलच्या पडद्यातून येते.

पण यावरचा उपाय काय? एका आज्ञेला दुसरी आज्ञा हा उपाय नाही. आमचे म्हणणे असे की रंगावर भांडण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. हा पोशाख नवरीने स्वतः ठरवला का? त्यासाठी घर कर्जात गेले का? आणि त्या पोशाखासोबत तिला दुय्यम ठरवणारा एखादा विधी तर आत येत नाही ना? या तीन प्रश्नांची उत्तरे नीट असतील तर झगा असो, साडी असो, नऊवारी असो की सलवार-कमीज, आपल्याला बोलायचा अधिकार नाही. आणि ती उत्तरे चुकीची असतील, तर शुभ्र पांढरी साडीही त्या लग्नाला वाचवू शकत नाही.

लग्न साधे असावे हा वारसा तर आपला जुनाच आहे. २५ डिसेंबर १८७३ ला पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, मोठा खर्च नाही. बाबासाहेबांचे आणि रमाईंचे लग्न भायखळ्याच्या मासळी बाजारात, रात्री बाजार उठल्यावर लागले. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत बाबासाहेबांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. नोंदणी विवाहात कायदा वय विचारतो, संमती विचारतो, साक्षीदार मागतो. नवरीने काय नेसले आहे हे तो विचारत नाही. कायद्याला जे कळते ते आपल्याला कळायला हरकत नसावी.

जे म्हणतात की नवरीने नटणे हेच मुळात धम्माच्या विरोधात आहे, त्यांनी विशाखेची कथा आठवावी. श्रावस्तीची महाउपासिका विशाखा. धम्मपदाच्या अट्ठकथेत सांगितले आहे की तिच्या लग्नासाठी 'महालता' नावाचे डोक्यापासून पायापर्यंतचे आभूषण घडवले गेले. पाचशे सोनार, चार महिने काम. त्यात दोऱ्याच्या जागी चांदी वापरली होती. म्हणजे खास तिच्यासाठी घडवलेला नवरीचा पोशाखच तो. पुढे विशाखेने ते आभूषण विकायला काढले. एवढे मोल देणारा कुणी मिळेना, तेव्हा तिने स्वतःच ती रक्कम मोजली आणि संघासाठी पूर्वाराम विहार उभारला. नटणारी विशाखा आणि विहार बांधणारी विशाखा एकच होती. आणि सिगालोवाद सुत्तात पतीची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पत्नीचा मान राखणे आहे, तिच्या हाती घराचा अधिकार सोपवणे आहे, आणि तिला अलंकार देणेही आहे.

या कथेतली एक बारीक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. अट्ठकथा महालतेची किंमत नऊ कोटी सांगते, आणि घडवणाऱ्यांच्या हातकामाची मजुरी एक लाख, अशी वेगळी सांगते. हाताच्या कामाला दाम आहे आणि तो वेगळा मोजला पाहिजे, एवढे त्या जुन्या कथाकारालाही कळत होते.

आता आमच्या ताईकडे परत येऊ. तिने झग्याचे कापड, अस्तर, दोरा यांचा हिशेब दिला आणि आठ दिवसांची मजुरी सांगितली. तेव्हा याच नातेवाइकांनी काय म्हटले? "घरचीच आहेस की, एवढे कशाला लावतेस?" शहरातल्या दुकानात लेहंग्याच्या भाड्यावर एक शब्द न काढणारे लोक वस्तीतल्या बाईच्या टाक्याटाक्यावर घासाघीस करतात. दुकानातले काम 'डिझाइन', आणि आपल्या बाईचे काम 'शिवून देणे'!

हा फक्त आपल्या वस्तीचा रोग नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅन लोव यांचे उदाहरण आपल्या तरुणांना माहीत असले पाहिजे. अलाबामात जन्मलेली ही काळी स्त्री. तिची आजी गुलामगिरीत शिवणकाम करत होती. १९१७ मध्ये ती न्यूयॉर्कला शिवणकला शिकायला गेली, तेव्हा गोऱ्या विद्यार्थिनींपासून तिला वेगळे बसवले गेले. शाळेत बाहेर बसवलेल्या भीमरावाची गोष्ट ज्यांना पाठ आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढे १९५३ मध्ये जॅकलिन बुव्हिए आणि जॉन केनेडी यांच्या लग्नाचा नवरीचा झगा याच अ‍ॅन लोव यांनी शिवला. लग्नाला दहा दिवस उरले असताना त्यांच्या कामाच्या जागेत पाणी भरले आणि नवरीच्या झग्यासह बहुतेक कपडे नासले. त्यांनी पुन्हा कापड आणले, शिवणाऱ्या बायका लावल्या, रात्रंदिवस काम करून सगळे वेळेवर उभे केले. नफा राहिला बाजूला, दोन हजारांहून अधिक डॉलरचा तोटा त्यांनी स्वतः सोसला आणि त्या कुटुंबाला कळूही दिले नाही. त्या झग्याचे फोटो जगभर गेले. बातम्यांत मात्र शिवणारीचे नाव जवळपास कुठेच नव्हते. कपडे पोहोचवायला गेल्या तेव्हा त्यांना मागच्या दाराने या म्हटले गेले, आणि पुढच्या दाराने येऊ देणार नसाल तर कपडे परत नेते, असे त्यांनी ठणकावले, असेही सांगितले जाते.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून आपल्या आणि काळ्यांच्या स्थितीतले साम्य मांडले होते. ते साम्य शिवणयंत्रापर्यंतही पोहोचते. कपडा मिरवणारा एक, आणि कपडा शिवणारा अंधारात.

म्हणून आमच्या मंडळाने त्या लग्नानंतर बसून काही गोष्टी ठरवल्या. मोठ्या नाहीत, पण करण्यासारख्या आहेत. मंडळाच्या ओळखीतल्या लग्नांत कपडे शक्यतो वस्तीतल्या शिवणाऱ्या बायकांकडूनच शिवून घ्यायचे. मजुरी आधी ठरवायची, निम्मी आगाऊ द्यायची, 'घरचीच आहेस' हे वाक्य बंद. मंगल परिणयाच्या वेळी जसे मंडप, भोजन, ध्वनिक्षेपक यांचे आभार मानतो, तसे नवरीचा पोशाख शिवणाऱ्या ताईचे नावही माइकवरून घ्यायचे. आणि नवरीला कपड्यांवरून समजवायला तिच्या घरी कुणीही जायचे नाही. आम्ही चौघे तर नाहीच.

ते लग्न झाले. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झाले, दोघांनी एकमेकांना हार घातले. झगा विहाराच्या फरशीवर पांढराशुभ्र पसरला होता. ज्या आजीबाईंनी सगळ्यात जास्त विरोध केला होता, त्या पुढे आल्या, गळ्यावरची पिंपळपाने बोटाने चाचपली आणि विचारले, "हाताने भरलीस का गं?" ताई म्हणाली, "हो आजी." आजी म्हणाल्या, "टाका बारीक आहे." तिच्या कामाला वस्तीतून मिळालेली ती पहिली दाद.

आणि खिसा? नवरीने त्यात पगाराच्या खात्याचे कार्ड आणि घराची किल्ली ठेवली होती. साडीला खिसा नसतो, पर्स मामीकडे राहते, आणि नवरीला पाणी प्यायलाही दुसऱ्याकडे पैसे मागावे लागतात, असे ती आम्हाला म्हणाली. आम्ही इतकी वर्षे स्त्रीमुक्तीवर भाषणे दिली. खिसा कधी सुचला नव्हता.

जय भीम!