दिवसा दिवा कशाला?

मिनी प्रोजेक्टच्या रिव्ह्यूला माझा जो पचका झाला तो आमच्या अख्ख्या वर्गाने पाहिलेला आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. विषय होता ‘कौलारू घरात छपरातून उजेड’. सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पेबॅक पिरियड काढलास?" काढला होता. म्हटलं, "हो सर, तेहतीस वर्षं." वर्ग हसला. सर पण हसले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "तोवर घर राहतंय का बघ!"

मार्क बरे पडले, तक्रार नाही. पण ते हसणं डोक्यातून जाईना. मेसमधे त्यावर दोन दिवस वाद घातला आणि मग ठरवलं, मॅगझिनमधे लिहूनच टाकू. कारण माझं म्हणणं असं आहे की गणित बरोबर होतं, पण प्रश्न चुकला होता.

आधी घर सांगते. आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, घाटाच्या तोंडाशी. जून ते सप्टेंबर पाऊस नुसता कोसळतो. गावठाणातली घरं एकाला एक चिकटून, दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक. पुढे सोपा, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परडं. खिडकी काढायची तर पुढे नाहीतर मागे, बाजूला शेजाऱ्यांचं घर. म्हणजे माजघराला चारही बाजूंनी बंदी. अर्ध्या माजघरावर माळा, उरलेल्या अर्ध्यावर थेट कौलं. भर दुपारी आत शिरलं की डोळ्याला दोन मिनिटं काही दिसत नाही. इलेक्ट्रिकलच्या लॅब असिस्टंट काकांच्या हातापाया पडून लक्समीटर घरी नेला होता, मे महिन्यात दुपारी बाराला माजघराच्या मधोमध रीडिंग आलं ४ लक्स.

आता तुम्ही म्हणाल, बटण दाबा की! बल्ब आहे, वीज आहे (पाऊस नसेल तेव्हा). पण आमची आजी दिवसा दिवा लावत नाही. "दिवसा दिवा कशाला?" हे तिचं ठरलेलं वाक्य. ती कंजूष नाही. दिवस उजाडला की दिवा मालवायचा, ही तिच्या हाडात मुरलेली सवय. तांदूळ निवडायचे तर ती सूप घेऊन सोप्यात दारापाशी बसते. पावसाळ्यात दारातून झड येते, मग आत सरकते आणि अंदाजाने निवडते. २०२३ च्या जुलैमधे अशीच सूप घेऊन आत येताना माजघराच्या उंबऱ्याला अडखळली आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तिने दोष दिला उंबऱ्याला. मी दिला अंधाराला.

तसा प्रयत्न आधी झाला होता. २०१९ मधे आण्णांनी चार कौलं काढून त्या जागी फायबरचा पारदर्शक पत्रा सरकवला होता. स्वस्तात काम झालं म्हणून खूश होते. पहिलं वर्ष उजेड झकास. मग उन्हाने पत्रा पिवळा पडला, आणि कौल-पत्र्याच्या सांध्यातून पाणी आत यायला लागलं. कौल कौलात बसायला खाच असते, पत्र्याला ती नसते, एवढं साधं कारण. दोन पावसाळ्यात खालच्या रिपा कुजल्या. पत्रा निघाला, जुनी कौलं परत बसली, माजघर परत काळोखात. त्यामुळे मी विषय काढला तेव्हा आण्णांचं उत्तर तयार होतं. "छपराला भोक पाडतीस व्हय पोरी? पाऊस तुझं इंजिनिअरिंग बघनार हाय का?"

मुद्दा बरोबर होता. मी आधी शहरात जाऊन एका फॅब्रिकेशनवाल्याला विचारलं. चार फूट बाय चार फूट लोखंडी फ्रेम, टफन्ड काच, सिलिकॉन. म्हणाला अठ्ठावीस हजार, गळतीची गॅरंटी एक वर्ष. म्हणजे दुसऱ्या पावसाळ्यापासून आम्ही आणि आमचं नशीब! नेटवर छपराच्या खिडक्या शोधल्या तर सगळे युरोपातले फोटो. त्याचा इतिहास मात्र वाचण्यासारखा आहे. विलुम कान रासमुसेन नावाच्या डॅनिश इंजिनिअरने १९४१ मधे वेलक्स कंपनी काढली, व्हेंटिलेशन आणि लक्स हे शब्द जोडून ते नाव झालं. उतरत्या छपराखालच्या अंधाऱ्या माळ्यांना राहण्याजोगं करायचं, ही त्यामागची कल्पना. पण तिकडे आत येणारं ऊन हवंसं असतं. आपल्याकडे उलटं. कोल्हापूरच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. ऑगस्टला ढग वाचवतात, मेला कोण वाचवणार? तिकडची खिडकी जशीच्या तशी इकडे लावली तर माजघराची भट्टी होईल.

उत्तर शेवटी आमच्या सुतारमामांनी दिलं. "काचेचं कौल घाल की. भोक कशाला पाडतीस?" मंगळुरी कौलाच्याच मापाचं, त्याच खाचांचं काचेचं कौल मिळतं, आपल्या आज्या-पणज्यांच्या घरातून एखादं तरी असायचंच. बासेल मिशनने १८६५ मधे मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून हे साच्यातलं कौल सगळ्या किनारपट्टीवर आणि घाटावर पसरलं. त्याची खरी कमाल अशी की एक कौल काढून तिथे दुसरं बसतं. फ्रेम नाही, सिलिकॉन नाही, कापाकापी नाही. पाणी अडवायचं काम शेजारची कौलं करतात तसंच हेही करतं.

किती कौलं, हे मात्र मी काढलं (इंजिनिअरिंगला आल्याचा एवढा तरी उपयोग!). खोली दहा बाय बारा फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. चौरस मीटरला मंगळुरी कौलं लागतात साधारण १५. आठ कौलं काचेची केली तर उघडा भाग साधारण अर्धा चौरस मीटर. आयएस २४४० मधे दिवसाच्या उजेडाचं डिझाइन बाहेरच्या ८००० लक्सवर धरतात, आणि बसायच्या खोलीला ०.६२५ टक्के, म्हणजे ५० लक्स, मागतात. काच, धूळ आणि काळ्या भिंती यांची वजाबाकी करून माझं उत्तर आलं सरासरी ९० लक्सच्या आसपास. एवढीशी जागा पुरते याचं कारण असं की पूर्ण ढगाळ आकाश क्षितिजापेक्षा डोक्यावर साधारण तिप्पट उजळ असतं. भिंतीतली खिडकी क्षितिजाकडे बघते, छपरातली डोक्यावर बघते. आणि आमच्याकडे चार महिने ढगच असतात.

कौलं टाकली उत्तरेच्या उतारावर. हिवाळ्यात ऊन त्या उतारावर तिरकं सरपटतं, त्यामुळे कडक कवडसा पडत नाही. मेचा प्रश्न उरतो, त्यावर सुतारमामांचाच उपाय. शिडी लावून काचेची कौलं आतूनच वर सरकवून काढायची, वरच्या अंगाला चुन्याचा पातळ हात मारायचा आणि परत बसवायची. पहिल्या पावसात चुना धुऊन जातो, म्हणजे ढग आले की काच आपोआप साफ!

आता हिशेब. मे २०२४ मधे आम्हाला पडलेला खर्च असा: काचेची दहा कौलं (दोन जादा, माकडांच्या नावाने) ३,२०० रुपये. कुजलेल्या रिपा बदलल्या १,१००. फुटलेली साधी कौलं ४२०. सुतारमामा आणि हेल्पर, दोन दिवस, ३,०००. टेम्पो ५००. काच फुटली तर अंगावर पडू नये म्हणून खाली तारेची जाळी ४८०. एकूण ८,७०० रुपये. नीट बघा, काच फक्त ३,२०० ची. बाकीचे ५,५०० बसवायचे, आणायचे, आणि आधीच्या ‘स्वस्त’ पत्र्याने कुजवलेलं दुरुस्त करायचे. छपराच्या कुठल्याही कामात वस्तूच्या किमतीवर जाऊ नका, सांध्याची किंमत विचारा.

याच ८,७०० वरून तेहतीस वर्षं निघाली. ९ वॉटचा एलईडी, रोज दहा तास, वर्षाला ३३ युनिट. सगळं धरून युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला साधारण २६३ रुपये वाचतात. ८,७०० भागिले २६३. हाच जुना ६० वॉटचा बल्ब असता तर वर्षाला १,७५२ रुपये वाचून पाच वर्षांत पैसे वसूल झाले असते. म्हणजे एलईडी स्वस्त झाला आणि सूर्य महाग झाला!

पण थांबा. या गणितात एक गोष्ट गृहीत धरलीय, ती म्हणजे माजघरात रोज दहा तास बल्ब जळत होता. तो जळतच नव्हता. आजी दिवसा दिवा लावत नाही. म्हणजे खरी बचत २६३ सुद्धा नाही, शून्य आहे, आणि पेबॅक तेहतीस वर्षं नाही, अनंत! ज्या घराने खर्च कधी केलाच नाही, त्या घराची बचत तुम्ही काय मोजणार? जो एसी लावतो त्याची बचत दिसते, जो घामात बसतो त्याची दिसत नाही. जो पंप चालवतो त्याचं बिल कमी होतं, जी डोक्यावर हंडा आणते तिचं कुठलं बिल? आपल्या इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या पेपरात अशी माणसं गणितात येतच नाहीत, कारण त्यांच्या नावावर आकडा नाही. ती चुपचाप अंधारात बसलेली असतात.

पेबॅक चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. दोन पंपांतला कुठला घ्यायचा, तिथे तो बरोबरच आहे. पण जिथे आधी काहीच नव्हतं तिथे "पैसे कधी वसूल" हा पहिला प्रश्न नसतो. पहिला प्रश्न असतो, "इथे माणसाला दिसतं का?" कोडमधले ५० लक्स कोणी वसुलीसाठी लिहिलेले नाहीत. किमान एवढं हवंच म्हणून लिहिलेत.

विरोधी पक्षाचंही ऐकते. रूम पार्टनर म्हणाली, "मग बाटलीचा दिवा लाव ना, फुकट!" आल्फ्रेदो मोझेर नावाच्या ब्राझीलच्या मेकॅनिकने २००२ च्या सुमारास पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली, त्यात थोडं ब्लीच, पत्र्यातून अर्धी खाली सोडून दिवा केला, तो जगभर गेला. पत्र्याच्या एका खोलीला उत्तमच. पण तिथेही पत्र्याला भोक आणि सांधा आलाच, आणि आमचं छप्पर कौलाचं. दुसरी म्हणाली, "आमचं स्लॅबचं घर, आम्ही काय करू?" झालेल्या स्लॅबला हौसेने भोक पाडू नका, आत सळ्या आहेत. घर बांधतानाच नकाशात जागा ठेवा आणि स्लॅबच्या वर चांगला कठडा उचलून घ्या. आणि एक कळकळीची सूचना: पत्रा असो, काच असो, फायबर असो, छपरावर चढून त्यावर पाय देऊ नका. वरून सगळं सारखंच दिसतं आणि माणूस थेट खाली येतो.

आता घरातून कॉलेजात. आपण फर्स्ट इयरला ज्या वर्कशॉपमधे फायलिंग करून हात सोलून घेतले, त्याचं छप्पर वर मान करून कोणी पाहिलंय? करवतीच्या दात्यांसारखं आहे. त्याला नॉर्थ लाइट म्हणतात, गिरणगावातल्या गिरण्यांना असायचं तेच. उत्तरेच्या काचांतून सावलीतला, डोळ्यांवर न येणारा उजेड यावा म्हणून बांधणाऱ्याने मुद्दाम खर्च केला. आपण त्या काचांवर इतक्या वर्षांची धूळ साठू दिलीय की खाली भर दुपारी ट्यूब लावून जॉब करतो. तसंच मुलींच्या हॉस्टेलचा वरचा पॅसेज. चोवीस तास ट्यूब, आणि तिच्या बरोबर वर जुन्या झरोक्यावर ठोकलेलं प्लायवूड.

माझी मागणी मोठी नाही. मेंटेनन्सने सेफ्टी बेल्ट आणि शिडीची नीट सोय करून वर्कशॉपच्या काचा वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत धुवून घ्याव्यात. सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलच्या पोरापोरींनी आधी आणि नंतर लक्समीटर लावावा. रीडिंग मी घेते. पेबॅक कुणी विचारला तर तोही काढून देईन, इथे तो चांगला निघेल, कारण इथे ट्यूब खरंच जळते.

आणि आजीचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी: जूनमधल्या एका ढगाळ दुपारी काचेखाली १४० लक्स आले, कोपऱ्यात ४०. कोपरा अजून कमीच आहे, तिकडची भिंत चुन्याने पांढरी करायची राहिलीय. थेंबभर पाणी आत आलं नाही, आण्णा स्वतः तीन रात्री उठून बॅटरी मारून बघत होते. आजी आता सूप घेऊन माजघरात बसते. पहिल्या दिवशी तिने वर बघितलं आणि आईला म्हणाली, "दिवा मालव की गं, दिवसाढवळ्या लावून ठेवलायस."

बघा पटतंय का. नाही पटलं तर मेसमधे भेटा, वाद घालू.