छुईखदान : एका छोट्या संस्थानाचा इतिहास

भिलाई म्हटले की पोलाद कारखाना आठवतो. त्याच्या वायव्येस असलेले छुईखदान सहसा कोणाला आठवत नाही. छुई म्हणजे घरे सारवण्याची पांढरी माती. तिच्या खाणींवरून हे नाव पडले. जेमतेम दीडशे चौरस मैलांचे हे संस्थान नागपूरकर भोसल्यांच्या अधिपत्याखाली बैरागी महंतांकडे होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६५ मध्ये इंग्रजांनी महंतांना मांडलिक संस्थानिक म्हणून मान्यता दिली. गादी महंतांची, अंतिम सत्ता इंग्रजांची. प्रजेला मात्र दोघांनाही जाब विचारता येत नव्हता.

१९४८ च्या प्रारंभी संस्थान विलीन झाले. तरीही जानेवारी १९५३ मध्ये गावातील कोषागार हलविण्यास विरोध करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रियाही होत्या. राज्य स्वकीयांचे झाले, तरी जनतेचे म्हणणे ऐकण्याची सवय राज्यकर्त्यांना जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते.

म्हणून संस्थानांचा इतिहास केवळ राजांच्या वंशावळीपुरता वाचू नये. २०२२ मध्ये एका नव्या जिल्ह्याच्या नावात छुईखदानला स्थान मिळाले. तेथील सामान्य माणसांनाही इतिहासात स्थान मिळाले पाहिजे.