विसाव्याचा जमाखर्च

मैदान सोडणारा खेळाडू आणि रजेचा अर्ज घेऊन येणारा शिक्षक, ह्या दोघांकडेही मी आयुष्यभर थोड्याशा संशयानेच पाहत आलो, हे आरंभीच कबूल करून टाकतो. त्यात दोष माझ्या एकट्याचा नाही. ज्यांचे बालपण इंदुरास गेले, त्यांच्या कानांवर कर्नल सी. के. नायडूंच्या आख्यायिका लहानपणापासून पडत आल्या आहेत. चेंडू तोंडावर बसून दात पडले तरी त्यांनी खेळपट्टी सोडली नाही, ही हकीगत आमची वडीलधारी मंडळी अशा काही स्वरात सांगत, की दुखणे म्हणजे जणू चारित्र्यातलेच वैगुण्य असावे!

गेल्या दिवाळीत न्यूझीलंडच्या हॅमिल्टन शहरी राहणारा माझा भाचा घरी आला होता. सकाळच्या पोह्यांच्या वेळी एका शिक्षकाचा रजेसाठी फोन आला आणि मी नेहमीच्या कोरड्या स्वरात त्याला चार प्रश्न विचारले. फोन ठेवताच भाचा हसून म्हणाला, "मामा, तुम्ही आमच्याकडे रग्बीचे प्रशिक्षक असता, तर दोन महिन्यांत सगळा संघ इस्पितळात असता!" त्यानंतर पोहे निवले, पण गोष्ट रंगली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

रग्बीची आपल्या घरांत फारशी ओळख नाही. तरी तिच्याशी आपला एक जुना धागा आहे. कलकत्त्यातील इंग्रजांचा एक रग्बी क्लब १८७८ च्या सुमारास मोडला, तेव्हा सभासदांनी शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवला. नागाच्या आकाराच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या ह्या 'कलकत्ता कप'साठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून झुंजत आले आहेत. 'झुंजत' हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. एका बाजूला पंधरा गडी, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन डाव आणि लंबगोल चेंडू घेऊन धावणाऱ्याला अंगाने अडवून भुईवर पाडण्याची पूर्ण मुभा! 'स्क्रम' नामक प्रकारात तर दोन्हीकडचे आठ-आठ धिप्पाड गडी खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात एकेका बाजूचे वजन आठशे किलोंच्या वर जाते. दमलेला माणूस अशा वेळी किंचित उशिरा वाकतो, त्याचे डोके चुकीच्या जागी जाते, आणि मग जे व्हायचे ते होते.

ह्या खेळाची जुनी रीत आमच्या आख्यायिकांना शोभेल अशीच होती. १९६८ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामन्यात जायबंदी खेळाडूच्या जागी बदली गडी घेण्याची सोयच नव्हती. एकाचे हाड मोडले, तर उरलेल्या चौदांनी खेळावे! मात्र तोवर हा हौशी खेळाडूंचा खेळ होता. आठवडाभर नोकरी-धंदा करावा आणि शनिवारी मैदानात उतरावे, असा क्रम होता. १९९५ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथील बैठकीत ह्या खेळाची सूत्रे हाती असलेल्या मंडळाने मानधनाला मोकळीक दिली, आणि पुढील काही वर्षांत सारेच पालटले. खेळाडू अधिक वजनदार झाले, अधिक वेगवान झाले, सामने वाढले आणि धडकाही वाढल्या. मग प्रश्न उभा राहिला, की हे शरीर वर्षभर पुरवायचे कसे? ह्याच प्रश्नातून खेळाडूंना पाळीपाळीने विश्रांती देण्याची पद्धत रूढ झाली.

ह्या पद्धतीची सर्वांत गाजलेली कसोटी न्यूझीलंडने पाहिली. २००७ हे विश्वचषकाचे वर्ष होते. प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री ह्यांनी देशातील बावीस अव्वल खेळाडूंना 'सुपर १४' ह्या मोठ्या स्पर्धेच्या पहिल्या सात फेऱ्यांतून काढून घेतले आणि केवळ शरीर कमावण्याच्या कामी लावले. प्रेक्षक रागावले. तिकीट काढून मैदानावर जावे आणि ज्याला पाहायला जावे तोच नसावा, ही तक्रार खोटी कशी म्हणावी? तरीही 'थांबा, विश्वचषक येऊ द्या' असे सांगून सर्वांना गप्प बसवण्यात आले. विश्वचषक आला. ६ ऑक्टोबर २००७ रोजी कार्डिफ येथे उपउपांत्य सामन्यात मध्यंतराला १३–३ अशी आघाडी असूनही न्यूझीलंड फ्रान्सकडून २०–१८ असे हरले. मग जो तो विश्रांतीवर तुटून पडला. खेळाडू ताजे राहिले, पण एकमेकांच्या पावलांची सवय आणि अटीतटीच्या सामन्यांचा सराव मात्र त्यांना पुरेसा मिळाला नाही, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप होता. त्या सामन्यात पंचांच्या नजरेतून निसटलेला एक पुढे टाकलेला पास होता, दुखापतीही होत्या. परंतु पराभवाला एकच कारण असले की लोकांना बरे वाटते.

इतके होऊनही न्यूझीलंडच्या संघटनेने हेन्रींनाच पुन्हा नेमले. येथवर हकीगत सांगून भाच्याने चहा मागवला. मी मनात म्हटले, 'म्हणजे माझेच खरे ठरले!' पण गोष्टीचा उत्तरार्ध पुढेच होता.

२०११ चा विश्वचषक न्यूझीलंडमध्येच भरला. संघाचा सारा डोलारा डॅन कार्टर ह्या दहा क्रमांकाच्या खेळाडूवर उभा होता. चेंडू लाथाडून गुण मिळवणारा आणि डावाची आखणी करणारा तो हाच. स्पर्धेच्या ऐन मध्यात, सराव करताना त्याची जांघ दुखावली आणि तो बाद झाला. दुसरा, कॉलिन स्लेड, उपउपांत्य सामन्यात जायबंदी झाला. तिसरा, एरन क्रूडन, अंतिम सामन्यात पूर्वार्धातच गुडघा धरून बाहेर आला. मग मैदानात उतरला स्टीफन डोनाल्ड. हा गृहस्थ मूळ संघातही नव्हता. बोलावणे आले तेव्हा तो वायकाटो नदीवर व्हाइटबेट नावाचे इवलेसे मासे धरीत होता! आदल्या वर्षी हाँगकाँगला ऑस्ट्रेलियाने अखेरच्या क्षणी सामना जिंकला, त्याचे खापर लोकांनी ह्याच्याच माथी फोडले होते. २३ ऑक्टोबर २०११ च्या त्या रात्री ऑकलंडच्या ईडन पार्कवर, अंगाला न बसणारी आखूड जर्सी घालून, ह्याच डोनाल्डने पेनल्टीचा चेंडू खांबांमधून धाडला. न्यूझीलंड फ्रान्सविरुद्ध ८–७ असे जिंकले. डोनाल्डचे ते तीन गुण वजा करून पाहा, म्हणजे त्यांची किंमत कळेल.

"मी रोज त्याच नदीच्या काठाने कामावर जातो, मामा," भाचा म्हणाला. "तिथे कोणी म्हणत नाही की नशिबाने जिंकलो."

आणि ते खरेही आहे. चौथा गडी आभाळातून पडत नाही. २००९ च्या आरंभी कार्टर मायदेशातून सुट्टी घेऊन फ्रान्समध्ये एका क्लबाकडून खेळावयास गेला होता आणि तेथे त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. त्या हिवाळ्यात फ्रान्सविरुद्ध दहा क्रमांकाची जर्सी डोनाल्डने घातली. तेव्हा तो चुकला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण मोठ्या सामन्याचे वारे त्याच्या अंगाला लागले ते लागलेच. विश्रांतीच्या हिशेबात आपण केवळ विसावणाऱ्याचे खाते पाहतो. त्याच्या जागी उभा राहणारा जे कमावतो, ते जमेच्या बाजूला मांडायचे राहून जाते. २००७ साली हा हिशेब अर्धाच पाहिला गेला, असे मला आता वाटते.

कोणाला केव्हा विसावा द्यावा, हे ठरवायचे तरी कोणी? येथे खरी मेख आहे. न्यूझीलंड व आयर्लंड येथे प्रमुख खेळाडूंचा करार राष्ट्रीय संघटनेशी असतो; त्यामुळे अमुक सामन्यात ह्याला खेळवू नका, असे ती सांगू शकते. न्यूझीलंडचा कर्णधार रिची मकॉ ह्याने २०११ चा विश्वचषक पायाच्या मोडलेल्या हाडानिशी जिंकला खरा, परंतु २०१३ साली त्याला सहा महिने खेळापासून दूर राहू देण्यात आले. तोच मकॉ वयाच्या चौतिसाव्या वर्षी, २०१५ मध्ये, पुन्हा विश्वचषक उंचावताना दिसला. इंग्लंड-फ्रान्समध्ये मात्र पगार देतात ते क्लब. पगार देणाऱ्याला खेळाडू शनिवारी हवा, देशाला तो ताजा हवा, आणि ह्या ओढाताणीत खेळाडूच्या गुडघ्याचे मत कोणी विचारत नाही.

दक्षिण आफ्रिकेचे प्रशिक्षक रासी इरॅस्मस ह्यांनी २०१९ साली आणखी एक युक्ती केली. जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियाशी सामना असताना, पुढील सामन्यासाठी हवे असलेले कित्येक प्रमुख गडी त्यांनी आधीच वेलिंग्टनला पाठवून दिले. मागे राहिलेल्यांनी ऑस्ट्रेलियाला हरवले, पुढे गेलेल्यांनी न्यूझीलंडशी बरोबरी साधली, आणि त्याच वर्षी विश्वचषकही आफ्रिकेने नेला. 'दुसरी फळी' हा शब्दच त्यांनी निरर्थक करून टाकला.

एवढे ऐकूनही माझ्या मनातला जुना संशय पुरता गेला नव्हता. तो गेला तो स्टीव्ह थॉम्पसनची हकीगत ऐकून. २००३ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला, त्या संघाचा हा स्क्रमच्या पहिल्या रांगेतला गडी. २०२० च्या डिसेंबरात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने जगाला सांगितले की आपल्याला स्मृतिभ्रंश जडला असून तो विश्वचषक जिंकल्याचे आपल्याला आठवतच नाही. डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांचा हा परिणाम, असे त्याचे म्हणणे. त्याच्यासह अनेक माजी खेळाडूंनी क्रीडासंस्थांविरुद्ध कायद्याचा मार्ग धरला. २०२१ मध्ये 'वर्ल्ड रग्बी' ह्या जागतिक संस्थेने सरावातील पूर्ण धडकाधडकी आठवड्याला पंधरा मिनिटांपुरतीच ठेवावी, अशी शिफारस केली. कारण शरीर झिजते ते शनिवारीच नव्हे, मंगळवारीही झिजते. ज्या विजयासाठी माणूस झिजला तो विजयच त्याच्या स्मरणात उरू नये, ह्याहून महाग सौदा कोणता?

त्या रात्री मला झोप लवकर लागली नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली गणिताचे एक शिक्षक होते. निकाल उत्तम लावत, म्हणून अकरा वर्षे दहावीचे सर्व वर्ग मी त्यांनाच देत आलो. त्यांनी दोनदा सुचवले, मी दोनदा हसण्यावारी नेले. एका फेब्रुवारीत ते अंथरुणाला खिळले. त्यांच्या जागी ज्या तरुण शिक्षकाला उभे केले, त्याने तोवर दहावीचा फळा एकदाही हाताळला नव्हता. निकाल घसरला, तेव्हा दोष त्या मुलाला लागला. तो माझा होता.

यंदा दहावीचे गणित मी दोघांत वाटून दिले आहे. वडील शिक्षक पहिले काही दिवस रिकाम्या तासाला वर्गाबाहेरच घुटमळत. आता वाचनालयात बसतात. धाकटे फळ्यावर क्वचित चुकतात, आणि पोरेच ती चूक दाखवून देतात. दिवाळीत ज्यांचा फोन आला होता, त्यांना मी दुसऱ्या दिवशी उलट फोन केला आणि रजा मंजूर असल्याचे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, "सर, आपली प्रकृती बरी आहे ना?"